मदत हवी आहे: मकी, मके, मगी… एकाच आडनावाची रूपं की वेगवेगळी घराणी?

उंबरठा:

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे, पण इथे जुने कागद उकरणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते.

मी ओंटारियोत असते. नवऱ्याच्या घराण्याची वंशावळ लिहायचं काम, 'तुला अशा गोष्टींची आवड आहे ना' म्हणत, सगळ्यांनी माझ्या गळ्यात टाकलंय. गाडी आडनावावरच अडली आहे. आज घरातले सगळे 'मके' लावतात. स्पेलिंग एम-सी-के-ए-वाय. मागे गेलं की गोंधळ सुरू होतो.

सर्वात जुना कागद १८६७ च्या लग्नाचा. आयर्लंडमधली अँट्रिम काउंटी, प्रेसबिटेरियन चर्च. नवरदेवाचं आडनाव 'मकी'. म्हणजे मोठा एम, त्याच्या खांद्याशी चढवलेला बारीक सी, त्या सीखाली दोन टिंबं, आणि पुढे के-ई-ई. नवरदेवाची सही आहे, नवरीने फुली मारली आहे. साक्षीदारांपैकी एकाचं आडनाव हॅना, दुसऱ्याचं वाचता येत नाही. त्यानंतर जोडपं कॅनडात आलं. १८७१ च्या जनगणनेत 'मके': जन्म आयर्लंड, मूळ 'स्कॉच', पंथ प्रेसबिटेरियन. १८८१ च्या जनगणनेत तोच माणूस, तीच बायको, तीच मुलं (थोरला ह्यू), पण आडनाव 'मगी' आणि मूळ 'आयरिश'! थडग्यावर पुन्हा मके.

सासऱ्यांचं ठाम मत आहे की आपण स्कॉटलंडच्या मॅके घराण्याचे. दिवाणखान्यात त्यांनी त्या घराण्याचं चिन्ह लावलंय, खाली 'मानू फोर्टी' हे ब्रीद. आत्येसासूबाई तितक्याच ठाम की आपण आयरिश. दोघांमध्ये दर ख्रिसमसला हा वाद रंगतो आणि आता पंच म्हणून मला बसवलंय.

तर, ही तिन्ही आडनावं एकच असू शकतात का? स्कॉटिश की आयरिश हे कशावरून ठरवायचं? आणि १८६७ च्या मागे जायला काही वाट आहे का? एका दुकानदाराने सांगितलं की 'मॅक' लिहिलं की स्कॉटिश, नुसतं 'एम-सी' लिहिलं की आयरिश. हे खरं का?

शेवगा:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण ही लोणकढी थाप दोन्ही देशांत विकली जाते. एम-सी हा 'मॅक'चा लघुलेख आहे, बाकी काही नाही. तुम्ही वर्णन केलेला चढवलेला सी आणि त्याखालची टिंबं म्हणजे 'इथली अक्षरं गाळली आहेत' ही कारकुनाची खूण. छापखानेवाले तर सीऐवजी नुसतं उलटं अवतरणचिन्ह टाकायचे. एकच माणूस एकाच वर्षात तिन्ही प्रकारे लिहिलेला सापडतो. मॅक म्हणजे मुलगा, समुद्राच्या दोन्ही काठांना.

आता मूळ. तिन्ही आडनावं गेलिकमधल्या 'मॅक + ए-ओ-डी-एच' यातून येतात. ते विशेषनाम आहे, अर्थ अग्नी. एके काळी आयर्लंड-स्कॉटलंडात हे नाव गल्लोगल्ली होतं. त्यातलं डी-एच उच्चारातच नाही, आणि मधला ए-ओ हा स्वर प्रांतागणिक बदलतो. आयर्लंडच्या उत्तरेला नि पश्चिमेला तो 'ई'कडे झुकतो, दक्षिणेला मन्स्टरमध्ये 'ए'. स्कॉटलंडच्या उत्तरेला तो 'आय'च्या जवळ जातो, म्हणून तिकडचे लोक मॅकेचा उच्चार 'मकाय' करतात. इंग्रजी कारकुनाने कानावर पडलं ते लिहिलं. 'मॅक'मधला शेवटचा क पुढच्या स्वराला चिकटला की मकी, मके, मकॉय. अल्स्टरमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांतात, स्वरापूर्वी मॅकचा 'मॅग' होतो, तेव्हा मगी. म्हणजे तुमच्या १८८१ च्या गणनेवाल्याने फार मोठा पराक्रम केलेला नाही.

पसारा इथेच थांबत नाही. या विशेषनामाला इंग्रजीत 'ह्यू' म्हणायची पद्धत पडली. दोन नावांचा व्युत्पत्तीने काडीचा संबंध नाही, ह्यू जर्मॅनिक आहे. पण टायरोनचा ह्यू ओनील मूळ गेलिकमध्ये याच नावाचा. त्यामुळे मक्ह्यू हेही त्याच खाणीतलं. 'ओ' लावून झालेलं आडनाव अल्स्टरमध्ये ह्यूज झालं, मन्स्टरमध्ये हेज, पश्चिम कॉर्कमध्ये ओहे. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला, गॅलोवेत, मकी आणि मगी दोन्ही आहेत. तिथल्या एका पॅरिशचं (एका चर्चच्या हद्दीतल्या भागाचं) नावच बॅलमॅगी. अँट्रिमच्या किनाऱ्यावर आयलंडमगी नावाचं द्वीपकल्प आहे, तेही याच आडनावाचं.

आपल्याकडे शिंदेंचं इंग्रजीत सिंदिया झालं, एकाच पवारांचे पोवार, पुआर झाले, तसलाच प्रकार. फक्त एक मोठा फरक: शिंद्यांचं सिंदिया झालं ते एका घराण्याचं. इथे मुळात बापाचं नाव असलेली ही आडनावं ठिकठिकाणी स्वतंत्रपणे तयार झाली. ज्या ज्या गावात त्या नावाचा बाप, तिथे तिथे एक मॅक. त्यामुळे आडनाव एक असणं आणि रक्त एक असणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीवरच्या चिन्हाबद्दल मला शंका आहे ती इथेच.

मुंबईकर_हार्बर:

अवांतराबद्दल क्षमस्व. त्या भिंतीवरच्या मॅकेंना आपण रोज लोकलमधून बघतो! रे रोड स्टेशन ज्यांच्या नावाचं, ते लॉर्ड रे म्हणजे डोनाल्ड जेम्स मॅके, १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर. पुण्यातलं घोले रोडचं महात्मा फुले वस्तुसंग्रहालयही पूर्वी त्यांच्या नावाने होतं. गंमत म्हणजे हे स्कॉटलंडच्या घराण्याचे प्रमुख जन्मले हेगमध्ये. पूर्वज डच सैन्यातल्या स्कॉट पलटणीत गेले आणि तिकडचेच झाले. हे मुंबईत गव्हर्नर होते त्याच सुमाराला, १८८८ ते १८९१, त्याच घराण्यातला एनेअस मॅके नेदरलँड्सचा पंतप्रधान होता.

उंबरठा:

@मुंबईकर_हार्बर, हे सासऱ्यांना सांगितलं तर ते रे रोडला फोटो काढायला येतील. मुकाट्याने बसते.

@शेवगा, खूप आभार. पण मग सासरे चूक असं धरायचं का? १८७१ च्या कागदावर 'स्कॉच' आहे ना?

तळटीप:

सासरे चूक नाहीत आणि आत्येसासूबाईही नाहीत, बहुतेक. तुम्ही दिलेल्या कागदांत उत्तर अर्धं आहेच. स्पेलिंग बाजूला ठेवा. त्याने काहीच सिद्ध होत नाही. तीन गोष्टी बघा: जागा, पंथ आणि शेजारी.

कॅनडाच्या त्या जनगणनांत जन्मस्थान आणि मूळ असे वेगळे रकाने होते. जन्म आयर्लंड, मूळ स्कॉच, पंथ प्रेसबिटेरियन (हा स्कॉटलंडमधला प्रमुख प्रोटेस्टंट पंथ), काउंटी अँट्रिम: हे चारही एकत्र आले की चित्र अल्स्टर-स्कॉट कुटुंबाचं होतं. सतराव्या शतकात स्कॉटलंडच्या सखल भागातून हजारो कुटुंबं अल्स्टरमध्ये आली. सरकारी वसाहत योजना १६०९-१० ची, पण अँट्रिम आणि डाउन या काउंट्या त्या योजनेत नव्हत्या. तिथे लोक खाजगी जमीनदारांमार्फत आणि स्वतःहून आले. १६९० च्या दशकात स्कॉटलंडात दुष्काळ पडला तेव्हा आणखी मोठी लाट आली. मधला समुद्र सगळ्यात अरुंद जागी जेमतेम वीस किलोमीटर आहे, त्यामुळे ये-जा त्याआधीही होतीच. स्कॉटलंडहून आलेले भाडोत्री लढवय्ये तेराव्या शतकापासून आयरिश सरदारांच्या पदरी होते. दोनशे वर्षं अँट्रिममध्ये राहिलेला माणूस १८७१ ला स्वतःला स्कॉच म्हणवतो आणि १८८१ ला दारात आलेला गणनेवाला त्याची बोली ऐकून आयरिश लिहितो, यात दोघांचंही बरोबर आहे.

आता हॅना. तुम्ही ते ओझरतं लिहिलंत, माझ्या मते तुमच्या कागदातला सगळ्यात मोलाचा शब्द तो आहे. अल्स्टरचे हॅना म्हणजे गॅलोवेचे हॅने, सॉर्बी गावाकडचे. एक साक्षीदार म्हणजे पुरावा नव्हे. पण आजूबाजूला आणखी अशी मंडळी, समजा मॅकडॉवेल, सापडली, तर तुमचे मकी गॅलोवेकडून आले असण्याची शक्यता बरीच वाढते. लोक गटाने स्थलांतर करायचे आणि पुढच्या पिढ्या एकमेकांत सोयरिकी करायच्या.

आणि गॅलोवे म्हटलं की भिंतीवरच्या चिन्हाचा प्रश्न येतो. ते मॅके घराणं स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाचं, सदरलँडमधल्या स्ट्रॅथनेव्हरचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेंढपाळीसाठी तिथली खोरी माणसांतून रिकामी केली गेली, १८१४ आणि १८१९ ला घरं जाळली गेली, आणि तिथले कितीतरी मॅके कॅनडात आले. आसपासच्या मॅकेंचं ऐकून तुमच्या मकींनी कॅनडात स्पेलिंग बदललं असेल तर नवल नाही. गॅलोवे हे देशाचं दुसरं टोक आहे. चिन्ह काढायला लावू नका, पण वंशावळीवर छापू नका. स्कॉटलंडात कुलचिन्ह व्यक्तीला मिळतं, आडनावाला नाही. त्यावर देखरेख करणारा लॉर्ड लायन नावाचा अधिकारी आजही आहे.

मागे जायची वाट. आयर्लंडचं दुखणं म्हणजे १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला दप्तरखाना जळाला, त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळपास सगळ्या गेल्या. १८६१ ते १८९१ च्या तर सरकारनेच नष्ट केल्या होत्या. जे उरलं ते जमिनीचं. ग्रिफिथची जमीन-मोजणी (१८४७ ते १८६४) आणि त्याआधीची दशांश-कराची वही (१८२३ ते १८३७). दोन्हींत कुटुंबप्रमुखाचं नाव टाउनलँडनिशी मिळतं. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीएवढा तुकडा, आयर्लंडभर साठ हजारांवर आहेत. त्याआधी १७९६ ची एक मजेशीर यादी आहे: जवस पेरणाऱ्यांना सरकारने चरखे बक्षीस दिले, त्यांची नावं पॅरिशवार आहेत. अँट्रिमसाठी १६६९ ची चुलींवरच्या कराची यादीही आहे. चर्चच्या नोंदवह्यांसाठी बेलफास्टचा सरकारी दप्तरखाना.

ग्रिफिथमध्ये आडनाव शोधताना ते उलटं अवतरणचिन्ह लक्षात ठेवा, मकी तिथे एम-चिन्ह-के असा छापलाय. काही सूचीकारांनी तुमचा चढवलेला सी 'मिस्टर' वाचून माणसाला मिस्टर की करून टाकलंय. नुसतं 'की' टाकूनही शोधा.

शेवगा:

+१. आणि 'ध्वनिसाम्याने शोधा' या बटणावर फार विसंबू नका. त्यामागे साउंडेक्स नावाची १९१८ ला पेटंट झालेली युक्ती असते. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या व्यंजनांना एक आकडा द्यायचा. तिच्या हिशेबाने मकी, मके, मगी, मकॉय सगळे एम-२००. चांगलंच आहे, पण मॉस आणि मॅसीसुद्धा एम-२००! आणि खराखुरा भाऊबंद मक्ह्यू मात्र एम-२२०, म्हणजे यादीबाहेर.

कोल्हापुरी_काका:

डीएनए करा की! एका चाचणीत निकाल.

तळटीप:

काका, कुठली चाचणी ते महत्त्वाचं. नेहमीची थुंकीची चाचणी पाच-सहा पिढ्यांपलीकडे फिकी पडते. आडनावासाठी वाय गुणसूत्राची लागते, ती बापाकडून मुलाकडे जाते. म्हणजे नमुना सासऱ्यांचा किंवा नवऱ्याचा हवा, आत्येसासूबाईंचा चालणार नाही (हे त्यांना सांगायची जबाबदारी माझी नाही). त्यातही समोर जुळायला गॅलोवेचा कोणी मकी आणि स्ट्रॅथनेव्हरचा कोणी मॅके त्या संग्रहात असावा लागतो. आधी कागद, मग थुंकी.

उंबरठाताई, १८६७ च्या दाखल्याची मूळ प्रतिमा आहे का तुमच्याकडे, की नुसती टंकलिखित नक्कल? आयर्लंड सरकारच्या वंशावळ संकेतस्थळावर १८४५ पासूनच्या बिगर-कॅथलिक लग्नांच्या नोंदी फुकट आहेत, उत्तरेकडच्या काउंट्यांच्याही. तिथल्या दाखल्यात दोघांच्या वडिलांची नावं, धंदे आणि नवरा-नवरीचा पत्ता असतो. आईचं नाव नसतं. त्यासाठी स्कॉटलंडच बरं, तिथे १८५५ पासून लग्नाच्या दाखल्यात दोन्हीकडच्या आयांची माहेरची आडनावं आहेत.

उंबरठा:

माझ्याकडे कोणीतरी केलेला हस्तलिखित उतारा होता. आत्ताच मूळ प्रतिमा उतरवून घेतली. वडिलांचा धंदा 'शेतकरी', त्यांचंही आडनाव के-ई-ई असंच. दुसरा साक्षीदार मोठ्या पडद्यावर वाचता आला: मॅकडॉवेल! @तळटीप, तुम्ही उदाहरण म्हणून टाकलेलं नावच निघालं की हो. पत्त्याच्या रकान्यात दोघांची टाउनलँड वेगळी आहे. नवरीची स्पष्ट आहे. नवरदेवाची 'बॅली'ने सुरू होते, पुढे शाई फुटली आहे. शेवटी बहुतेक एन किंवा डब्ल्यू.

तळटीप:

मॅकडॉवेल आला म्हणजे गॅलोवेचं पारडं बरंच जड झालं. अजून ठाम लिहू नका. बॅलीने सुरू होणारी टाउनलँड अँट्रिममध्ये ढीगभर आहेत, त्यामुळे उलट्या बाजूने चला. दाखल्याच्या डोक्यावर नोंदणी जिल्हा आणि चर्चची पॅरिश छापलेली असेल. ग्रिफिथमध्ये ती पॅरिश उघडा, तिच्यातल्या बॅलीवाल्या वाड्यांमध्ये कुठे मकी भाडेकरू आहे ते बघा, आणि त्याच पानावर हॅना नि मॅकडॉवेल आहेत का तेही. नवरीची वाडी शेजारचीच असणार, तिथपर्यंत चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. पॅरिशचं नाव इथे टाका, मी रात्री नकाशा काढून बसतो.