माग थांबला की हातात काय येतं? (अनुभव धागा)

विटेकर
परवा एका यंत्रमागाच्या शेडपाशी खडखडाट ऐकू आला नाही आणि जुन्या गिरण्या बंद झाल्या तेव्हा कागद शोधत फिरणारी माणसं आठवली. म्हणून हा धागा. २७ ऑगस्ट २०२५ला अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं तेव्हापासून एकच प्रश्न कानावर येतो: परदेशामुळं काम गेलं तर सरकार काय देतं?

त्या कारणासाठी वेगळी योजना आपल्याकडं नाही. अमेरिकेत १९६२च्या कायद्यापासून होती. तिघा कामगारांनी मिळून अर्ज करायचा, काम परदेशी व्यापारामुळं गेलं हे चौकशीत ठरलं की प्रशिक्षण आणि भत्ता. १ जुलै २०२२पासून तिथंही नवे अर्ज मंजूर होणं थांबलंय. आपल्याकडं दोनच गोष्टी बघतात: काम कसं सुटलं, आणि नाव कुठल्या रजिस्टरवर होतं. ज्यांनी असे अर्ज-दावे केलेत त्यांनी लिहा. आकड्यांसकट.

रिंगफ्रेम
पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. राजीनाम्यावर सही करू नका. "हिशेब लवकर मिळेल" म्हणून छापील कागद पुढं करतात. सही झाली की ती कपात (मालकानं कामावरून कमी करणं) राहत नाही, तुम्ही आपणहून सोडलं असं होतं आणि नुकसानभरपाई जाते.
कपात असेल तर १ महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय भरलेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. वर्षात २४० दिवस भरलेले हवेत.

कांडीवाला
+१. कोऱ्या व्हाउचरवरही नको.

मिरजकरीण
रिंगफ्रेमदादा, ग्रॅच्युइटी त्यातच धरायची का?

रिंगफ्रेम
नाही ताई, ती वेगळी. ५ वर्षं झाली असली पाहिजेत आणि आस्थापनेत १० माणसं. शेवटचा पगार भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं. समजा १३,००० पगार, १२ वर्षं: ७,५०० × १२ = ९०,०००. कपातीची भरपाई ६,५०० × १२ = ७८,०००, ती याच्यावर.
मीटरवर मजुरी असेल तर सुटण्याआधीच्या ३ महिन्यांच्या मजुरीची सरासरी धरतात, ओव्हरटाइम सोडून. मंदीत शेवटचे ३ महिने पाळ्या कमी केलेल्या असतात, तिथंच रक्कम घसरते. आधीच्या आठवड्यांच्या पगारचिठ्ठ्या जपून ठेवा. ग्रॅच्युइटीचा अर्ज काम सुटल्यापासून ३० दिवसांत, पोच घेऊन.

कृष्णाकाठ
एक नवीन भर. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू आहे. तिच्यात पुनर्कौशल्य निधी आहे: कपात झालेल्या प्रत्येक माणसामागं मालकानं १५ दिवसांचा शेवटचा पगार भरायचा आणि कपातीपासून ४५ दिवसांत तो कामगाराच्या खात्यात यायचा. वरच्या उदाहरणात आणखी ६,५००. बऱ्याच जणांना हे माहीतच नाही, मागतच नाहीत.
आणि वाद न्यायचा असेल तर सहायक कामगार आयुक्तांकडं २ वर्षांच्या आत. "मालक बघतो म्हणालाय" यात मुदत निघून जाते.

सूतवाला
कापसावरचं ११% आयातशुल्क १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ माफ होतं. त्यानं गिरण्यांना दिलासा, पण कामगाराच्या ताटात त्यातलं काही पडत नाही.

विटेकर
आणि कापूस पिकवणाऱ्याचा भाव पडतो ते वेगळंच. त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी येतो.

मिरजकरीण
ईएसआयसीचं (कर्मचारी राज्य विमा) मी लिहिते, भात शिजतोय तोवर.
अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना: सरासरी रोजच्या कमाईच्या ५०%, ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदाच. अट अशी की २ वर्षं विमा हवा, काम सुटण्याआधीच्या हप्ता-कालावधीत किमान ७८ दिवस भरलेले आणि त्याआधीच्या तीनपैकी एकात ७८ दिवस. हे कालावधी एप्रिल-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-मार्च. आठवड्यात तीनच पाळ्या मिळत असतील तर दिवस मोजा, नेमके ७० भरतात आणि दावा पडतो.
काम सुटून ३० दिवस झाले की पोर्टलवर दावा, मग आधार आणि पासबुकाची प्रत शाखेत. मालकाची सही लागत नाही. गैरवर्तनावरून काढलेलं किंवा स्वेच्छानिवृत्ती असेल तर मिळत नाही.

मिरजकरीण
कारखानाच बंद पडला किंवा कपात झाली तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना बघा. पहिले १२ महिने ५०%, पुढचे १२ महिने २५%, तेवढे दिवस दवाखानाही चालू. २ वर्षांचे हप्ते हवेत. बंदचं किंवा कपातीचं पत्र मागतात, तेच नसतं लोकांकडं. कुकर वाजला, येते.

जुनीगिरणी
पूर्वी गिरणीवाल्यांना ३ वर्षं पैसे मिळायचे ना?

रिंगफ्रेम
हो. वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी, १५ सप्टेंबर १९८६पासून. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५%, मग ५०, मग २५. कायमच्या बंद पडलेल्या गिरण्यांसाठीच. १ एप्रिल २०१७ला ती योजना मिरजताईंनी लिहिलेल्या राजीव गांधी योजनेत विलीन झाली.

कांडीवाला
पीएफ. सांगली जिल्ह्याचं कार्यालय कोल्हापूर, पण चकरा मारू नका, आधी घरून हे तपासा:
आधारवरचं नाव आणि जन्मतारीख यूएएनशी (पीएफचा कायमचा नंबर) जुळते का. एका अक्षरानं दावा परत येतो.
सोडल्याची तारीख. मालकानं टाकली नाही तर शेवटच्या हप्त्यानंतर २ महिन्यांनी स्वतः टाकता येते.
नोकरी ५ वर्षांच्या आतली असली तरी धंदा बंद झाल्यामुळं काम गेलं असेल तर कर कापायचा नसतो. कारण नीट लिहा.
आणि पेन्शनचे पैसे घाईनं काढू नका. १० वर्षं भरत आली असतील तर योजना प्रमाणपत्र घ्या, पुढच्या नोकरीत वर्षं जोडली जातात. १० वर्षं भरली की ५८व्या वर्षी पेन्शन.

कृष्णाकाठ
हे कळकळीनं सांगतो. पन्नाशीच्या आसपासच्या माणसानं ९ वर्षांवर पैसे काढणं म्हणजे थोड्या महिन्यांसाठी आयुष्यभराची पेन्शन सोडणं.

नवीनच
विट्यात ८ मागांच्या शेडवर आहेत घरातले. पीएफ नाही, ईएसआय नाही. मग यातलं काय?

विटेकर
दादा, तुमच्यासारखेच जास्त आहेत. १०च्या खाली माणसं असतील तर ईएसआय नाही, ग्रॅच्युइटीही नाही. पण कपातीची भरपाई शेड लहान म्हणून बुडत नाही, अडतं ते पुराव्यावर. आठवडापगाराची वही, उचलीची नोंद, बँकेत जमा झालेली मजुरी, तागा (विणलेल्या कापडाचा गठ्ठा) लावल्याच्या चिठ्ठ्या, सगळ्याचे आजच फोटो काढा. शेड बंद झाल्यावर वह्या सापडत नाहीत. ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी) काढा, १६ ते ५९ वय, पीएफ-ईएसआय नसलेल्यांसाठीच आहे.

नवीनच
काढतो. भरपाई आली तर दोन जुने माग घ्यावेत का?

सूतवाला
आत्ता नको. खर्चीवाल्यांचेच (दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं विणणाऱ्यांचेच) माग बंद उभे आहेत. दुसरं काही करायचं तर जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान रोजगार निर्मितीचं विचारा, अनुदान १५ ते ३५%, स्वतःचे ५ ते १०%. पण अनुदान ३ वर्षं बँकेत कर्जखात्यापाशी अडकून असतं, हातात येत नाही. हप्त्याचा हिशेब पूर्ण कर्जावर करा.

मिरजकरीण
नवीनच, वहीचे फोटो काढलेत की नाही? तारीख दिसेल असे काढा, पानाच्या वरच्या कोपऱ्यासकट.