आयपर्फ ३ टाकल्यावर यूडीपी चाचणी मरून राहिली

नागपूरच्या मिहानातून क्लाउडच्या मुंबई रिजनमधल्या दोन व्हीएम (आभासी मशीन) तपासून राहिलो. दोन्हीकडचं आयपर्फ २ (नेटवर्कचा वेग मोजायचं टूल) काढून आयपर्फ ३ टाकलं. टीसीपी (पोच घेत डेटा पाठवणारा प्रोटोकॉल) झकास, यूडीपी (बिनपोच पाठवणारा) लावलं की जरा थांबून ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ अशी एरर. पिंग जाते, आयपर्फ ३ चा ५२०१ पोर्ट उघडा आहे. मग काहून?

उत्तर १: भाऊ, उघडा कोणत्या प्रोटोकॉलसाठी? यूडीपी चाचणीतही आयपर्फ ३ आधीची बोलणी टीसीपीवरच करते, डेटा तेवढा त्याच पोर्टवर यूडीपीनं जातो. म्हणून जोडणी होते अन् पुढं गाडी अडते.

उत्तर २: अंदाज कशाला? सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावा. यूडीपी पॅकेट दिसलंच नाही तर बहुतेक क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप (व्हीएमच्या बाहेरचे फायरवॉल नियम) अडवून राहिला. दिसलं, पण उत्तर नाही, तर व्हीएमच्या आतलं फायरवॉल. टीसीपीडम्पला पॅकेट या आतल्या फायरवॉलच्या आधी दिसते.

प्रश्नकर्ता: पॅकेट नव्हतंच! ग्रुपमध्ये आयपर्फ २ च्या जुन्या ५००१ पोर्टला दोन्ही प्रोटोकॉल, ५२०१ ला नुसतं टीसीपी. नियम टाकला, चाललं. पण वेग १ मेगाबिटच?

उत्तर १: यूडीपीला न सांगता तेवढाच मिळते. ‘-बी’ (वेग ठरवायचा पर्याय) देऊन वाढवा, अन् लॉस (हरवलेली पॅकेट) पाहत पाहत. एकदम १० गिगाबिट नका ठोकू.