'पेशी' म्हणजे नेमकं काय? (तालमीतला घोळ)

तालीम_फिजिओ
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका तालमीत पोरांच्या दुखापती बघायचं काम करतो. भिंतीवर लावायला मराठीत एक तक्ता लिहितोय. बैठका मारून मांड्या भरतात म्हणजे आत काय होतं, दुखऱ्या अंगावर लगेच जोर का काढू नयेत, वगैरे. त्यात एक वाक्य होतं : "स्नायूची एकेक पेशी लांबच लांब असते आणि तिच्यात एक नव्हे, शेकडो केंद्रकं असतात."

हरियाणातून आलेला एक मल्ल शेजारी उभा राहून वाचत होता. म्हणाला, "भाईसाब, गलत लिखा है. पेशी तो ये रही," आणि दंड फुगवून दाखवला. त्याच्या मते पेशी म्हणजेच मसल आणि स्नायू म्हणजे नस, मग 'स्नायूची पेशी' ही काय भानगड? त्याच्या खुराकाच्या डब्यावर 'मांसपेशियों के लिए' असं छापलेलंच आहे, तेही त्यानं आणून दाखवलं. हे चाललेलं ऐकून वस्ताद म्हणाले, "पेशी म्हंजे डेंग्यूत कमी हुत्यात त्या."

आता सांगा, काय लिहू? आणि खरी अडचण पुढंच आहे. 'सॅटेलाइट सेल'ला मराठीत काय म्हणायचं? स्नायूच्या धाग्याला बिलगून, त्याचं पटल आणि बाहेरचं वेष्टन यांच्या मधोमध या पेशी निजून असतात. धाग्याला इजा झाली की जाग्या होतात, विभागतात आणि धाग्यातच मिसळून त्याला नवी केंद्रकं देतात. 'उपग्रहपेशी' लिहिलं तर पोरं इस्रोचं काहीतरी समजतील.

शाहूपुरीकर
मल्ल बरोबर आहे, आपण चूक. सुश्रुताच्या शारीरस्थानात शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितले आहेत. तिथं पेशी म्हणजे मांसाचा पट्टा किंवा गोळा, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे दोर. गांधारीला झाली ती मांसपेशीच, आणि तिचे तुकडे करून तुपाच्या कुंभांत ठेवले. सूक्ष्मदर्शकाचा तिथं संबंध काय?

मराठीनं दोन्ही शब्द एकेक घर सरकवले. स्नायू उचलून मांसावर ठेवला, मग मोकळा झालेला पेशी हा शब्द 'सेल'ला देऊन टाकला. शुद्ध शब्द 'कोशिका'. वाईच्या विश्वकोशात तोच आहे, पेशी फार तर कंसात.

प्राणिशास्त्रवाली
शाहूपुरीकर काका, विश्वकोशाबद्दल आदर आहेच. पण वर्गात 'कोशिका' म्हणून बघा एकदा. निम्मी पोरं 'केशिका' ऐकतात आणि केशवाहिनीचं चित्र काढून ठेवतात. एका कान्यावर सगळं जीवशास्त्र टांगून ठेवायचं का?

दुसरं, 'कोश' म्हणजे डबी, म्यान, रेशीमकिड्याचं घर. रॉबर्ट हूकनं १६६५ साली बुचाची चकती भिंगाखाली धरली तेव्हा त्याला रिकाम्या खोल्या दिसल्या, म्हणून 'सेल'. बरोबर, पण त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या! आतला ऐवज केव्हाच गेलेला. प्राण्यांच्या पेशीला तर पेशीभित्तिका नसतेच, नुसतं पातळ पटल. म्हणजे कोशिका हा शब्द मूळ गैरसमजाचं इमानदार भाषांतर आहे.

उलट १८३५ मध्ये दुजार्दँ नावाच्या फ्रेंच माणसानं एकपेशीय जीवांच्या आतला चिकट, हलता, जिवंत ऐवज बघितला आणि त्याला नाव दिलं 'सार्कोड'. ग्रीकमध्ये 'सार्क्स' म्हणजे मांस. श्लायडेन आणि श्वान यांचा पेशीसिद्धांत १८३८-३९ चा, म्हणजे त्याच्याही नंतरचा. भिंतीऐवजी ऐवजाकडं बघणारा शब्द हवा असेल तर 'पेशी'च जास्त शहाणा आहे. ज्यानं कुणी हा शब्द उचलला त्याच्या मनात हे होतं की नव्हतं याच्याशी मला देणंघेणं नाही.

शाहूपुरीकर
हे पश्चातबुद्धीचं समर्थन झालं. उद्या 'गुणसूत्र'ही बरोबर म्हणाल. क्रोमोसोम म्हणजे रंग घेणारी काया, वाल्डेयरनं १८८८ मध्ये नाव दिलं ते रंगामुळे. 'रंगसूत्र' म्हणणंच अगदी योग्य.

प्राणिशास्त्रवाली
म्हणणारच! रंग आपण ओततो, गुण त्याचे स्वतःचे असतात.

पंचगंगेचा_गडी
वस्तादांचं कुनी ऐकनार हाय का न्हाई? पावसाळ्यात आमच्या गल्लीत घरटी एक डेंग्यू हुता. समदी गल्ली एकच इचारायची, "पेशी किती आल्या?" चाळीस हजार म्हनलं की घरात रडारड, लाखाच्या वर गेल्या की पपईच्या पानाचा रस बंद. आता ह्यो अर्थ गल्लीला कुनी शिकवला? कुनीबी न्हाई. मग त्यो चुकीचा कसा?

रक्तपेढीतला
चुकीचा अशासाठी की त्या पेशीच नसतात. गल्ली ज्या मोजते त्या प्लेटलेट, पुस्तकात रक्तपट्टिका किंवा बिंबिका. अस्थिमज्जेत एक भलीमोठी पेशी असते, तिच्या कडेचे तुटून पडलेले तुकडे म्हणजे प्लेटलेट. केंद्रक नाही, विभाजन नाही, आठ-दहा दिवसांत संपतात. निरोगी माणसात एका मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख.

खिडकीवर नातेवाईक येतात, "पेशीची एक पिशवी द्या" म्हणतात. तांबड्या पेशी पाहिजेत की प्लेटलेट, हे चिठ्ठी बघितल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे लोक म्हणतात ते बरोबर, हे आमच्या खिडकीवर तरी चालत नाही हो.

पंचगंगेचा_गडी
तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी. वाटीभर दोन्ही द्या, वर लिंबू पिळा.

अनुवादक_राजारामपुरी
विनोद पुरे. रक्तपेढीवाले, तुमच्याच निकषानं तांबड्या पेशीही बाद होतील. माणसाच्या पक्व तांबड्या पेशीला केंद्रक नसतंच, १२० दिवस फिरून प्लीहेत नाहीतर यकृतात मोडीत निघते. म्हणूनच शाळेच्या पुस्तकात 'लोहित रक्तकणिका' येतं. कणिका म्हणायचं, पेशी म्हणायचं की काय म्हणायचं?

प्राणिशास्त्रवाली
पेशीच. जन्मताना केंद्रक असतं, ते ती बाहेर टाकते आणि मोकळ्या जागेत हिमोग्लोबिन भरून घेते. बेडकाच्या, कोंबडीच्या तांबड्या पेशीत केंद्रक शेवटपर्यंत असतं. प्लेटलेट मात्र जन्मापासून तुकडाच. तेव्हा रक्तपेढीवाल्या दादांचा मुद्दा मला मान्य, गल्लीचा नाही. गल्लीला बोलू दे, पण रिपोर्टवर तसं लिहू नये.

तालीम_फिजिओ
सॅटेलाइट सेल राहिली हो.

उसातला_माणूस
मी सांगतो. आधी एक विचारतो, तुम्ही 'स्टेम सेल'ला मूलपेशी म्हणता ना? स्टेम म्हणजे खोड, मूल म्हणजे मूळ. टिशू कल्चरच्या उसाचं एक इंग्रजी माहितीपत्रक मराठीत करून देताना त्यात 'मूलपेशी' लिहिलं, तर एका शेतकऱ्यानं सरळ विचारलं, "शेंड्यापासनं रोप करता म्हणताय आणि इथं मुळाची पेशी कशाला?" काय चुकलं त्याचं? शेंड्याच्या टोकाला विभाजी ऊती, म्हणजे सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा समूह असतो, तो काढून बरणीत वाढवतात. मुळाचा काही संबंधच नाही. काहीजण 'स्कंधपेशी' म्हणतात ते निदान खोडाशी इमान राखतं.

आता तुमची निजलेली पेशी. उसाच्या प्रत्येक पेऱ्याला डोळा असतो. ऊस उभा आहे, शेंडा जोमात आहे तोवर शेंड्यातलं ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरतं आणि डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा मोडला, किंवा टिपरी तोडून सरीत टाकली, की डोळा फुटला. इजा झाली की जागी होणारी, तोवर गप्प पडलेली, आणि जागी झाल्यावर नवं घडवणारी. तुमच्या स्नायूत तेच चाललंय. माझं मत 'डोळापेशी'.

रक्तपेढीतला
आणि मोतीबिंदूवाल्यांनी कुठं जायचं?

शाहूपुरीकर
'स्कंध' म्हणजे खांदासुद्धा. तालमीत 'स्कंधपेशी' लिहा, पोरं खांदे फुगवायला लागतील.

अनुवादक_राजारामपुरी
मूलपेशीतला 'मूल' हा झाडाच्या मुळाचा नाही, मूळपीठ, मूळपुरुष यांतला आहे. जिच्यापासून बाकीच्या निघतात ती. 'स्टेम'सुद्धा मुळात वंशवृक्षाच्या खोडावरूनच आलंय, तेव्हा भांडणाचं कारण नाही. दहावीची पोरं मूलपेशी म्हणतात आणि त्यांना ते कळतं.

उसातला_माणूस
दहावीच्या पोरांना मार्क मिळतात. शेतकऱ्याला रोपं घ्यायची असतात, चार पैसे जास्त मोजून. दोघांचं कळणं वेगळं. आणि तुमच्या त्या बरणीतल्या पांढऱ्या गोळ्याला, कॅलसला, काय म्हणायचं तेवढं सांगा. 'किण' म्हटलं तर कुणी ओळखत नाही.

शाहूपुरीकर
किण हा अस्सल शब्द आहे. धनुष्याच्या दोरीनं मनगटाला पडतो तो किण, संस्कृत काव्यात जागोजाग आहे.

पंचगंगेचा_गडी
त्याला घट्टा म्हंत्यात. खोऱ्यानं माती वडली की तळहाताला पडतोय. धनुष्य कुठनं आनू?

प्राणिशास्त्रवाली
घट्टा कडक, मेलेल्या कातडीचा. बरणीतला कॅलस मऊ, भुसभुशीत आणि भलताच जिवंत. शेंडा, खोड, पान असं काहीच अजून न ठरलेल्या पेशी. पोषणद्रव्यात ऑक्झिनचं प्रमाण वाढवलं की त्याला मुळं फुटतात, सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक वाढवलं की कोंब. स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या पेशींवर हे दाखवलं १९५७ साली. पुढच्याच वर्षी स्टीवर्डनं गाजराच्या पेशींपासून अख्खं झाड उभं केल्याचं जाहीर केलं. त्याला घट्टा म्हणू नका हो, जीव जातो माझा.

बेटकुळी
मूळ शब्दाकडं येऊ द्या थोडं. 'मसल' हा शब्द लॅटिन 'मस्क्युलस'वरून, अर्थ छोटा उंदीर. दंड वळवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं म्हणून. आपला मूषक त्याचा चुलतभाऊ. आणि आपण काय बघितलं तिथं? बेडूक! बेटकुळी, कुणी बेडकुळी म्हणतं, ती बेडकीवरूनच आली असं माझं पक्कं मत आहे. गंमत बघा, १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरोनं या सॅटेलाइट पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिल्या त्या बेडकाच्याच पायात. फिजिओ दादा, 'बेटकुळीपेशी' लिहा आणि मोकळे व्हा.

तालीम_फिजिओ
नाव झकास, पण मांडीतल्या पेशीला बेटकुळी कसं म्हणू?

त्यापेक्षा मजा ऐका. तोच मल्ल परवा म्हणाला, "मेरे पट्ठे सूज गए हैं." मी वस्तादांना सांगितलं, तर ते घाबरून आत धावले, कुठल्या पोराला काय झालं म्हणून. हिंदीत, उर्दूत पट्ठा म्हणजे स्नायूही आणि पैलवानाचा चेलाही. आमच्या वस्तादांचे पठ्ठे म्हणजे फक्त पोरं. बैठका नव्यानं सुरू केल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या धरतात तेवढंच होतं ते. पोरं म्हणतात लॅक्टिक ॲसिड साठलं, पण ते तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं. धाग्यांना बारीक इजा होते आणि तिची डागडुजी चाललेली असते. तिथंच या निजलेल्या पेशी कामाला येतात, म्हणून तर तक्त्यात त्यांचं नाव हवंय.

अनुवादक_राजारामपुरी
मग 'पठ्ठापेशी' का नको? धाग्याच्या पाठीशी उभी, गरज पडली की हौद्यात उतरणारी. वस्तादांना कळेल, हरियाणवीला कळेल, दोघांना वेगवेगळ्या कारणानं.

शाहूपुरीकर
शास्त्राची परिभाषा म्हणजे गंमत नव्हे. 'अनुषंगी पेशी' म्हणा. शब्द बघितल्यावर कुणी हसणार नाही, एवढी तरी खात्री.

पंचगंगेचा_गडी
कुनी वाचनार बी न्हाई, ती बी खात्री.

प्राणिशास्त्रवाली
'राखीव पेशी' चालेल. साधं आहे. पण स्नायुतंतू लिहायचा की स्नायूपेशी, ते आधी ठरवा. तंतू म्हटलं की पोरांना तो निर्जीव दोरा वाटतो; प्रत्यक्षात तो अनेक लहान पेशी एकमेकींत मिसळून झालेली एकच पेशी आहे. म्हणून तर शेकडो केंद्रकं, तीही कडेला सरकलेली. आणि फिजिओ दादा, हृदयाच्या स्नायूला हे लावू नका, तिथं पेशीत एकच केंद्रक, फार तर दोन.

माग_इचलकरंजी
धागा, तंतू आलं म्हणून मधेच बोलतो. 'ऊती' हा शब्द कुठून आला हो? आमच्याकडं ताणा आणि बाणा, उभा धागा आणि आडवा धागा. ऊती कधी ऐकलं नाही.

शाहूपुरीकर
ऐकलंय, लक्षात आलेलं नाही. संस्कृतात 'ऊत' म्हणजे विणलेलं. त्याला 'आ' लागून 'ओत' झालं. 'ओतप्रोत' म्हणता ना? ओत आणि प्रोत, एकात एक विणलेलं. इंग्रजी 'टिशू'ही फ्रेंचमधल्या विणलेल्या कापडावरूनच. इतकं चपखल भाषांतर मराठीत दुसरं दाखवा. म्हणूनच हिंदीतलं 'ऊतक' मला लांबण वाटतं.

माग_इचलकरंजी
हे झकास. पण मग अनेकवचन काय? एक ऊती, दोन ऊती? आमची पोरगी ऊत्या लिहून आली, बाईंनी लाल केलं.

अनुवादक_राजारामपुरी
ऊती-ऊती, जसं कृती-कृती, पेशी-पेशी. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला ईकारांती स्त्रीलिंगी शब्द अनेकवचनात बदलत नाही. काठी-काठ्या, वाटी-वाट्या हे घरचे शब्द.

शाहूपुरीकर
मग नदी-नद्या? नदी काय घरची आहे?

अनुवादक_राजारामपुरी
नदी अपवाद.

शाहूपुरीकर
आणि दासी-दास्या, देवी-देव्या? अपवादांचीच यादी लांबत चाललीय तुमची.

रक्तपेढीतला
आमच्याकडं निम्मे लोक 'पेश्या' म्हणतात. "पेश्या वाढल्या का?" असं. नियम काहीही असो.

पंचगंगेचा_गडी
पेश्याच. जो शब्द रोजच्या तोंडात बसला त्यो घरचा झाला, त्याला काठीचा नियम लावा.