बायको-पोरीसकट जर्मनीला जायचं, की आधी एकट्यानं जाऊन घर बघायचं?

रंकाळा_कट्टा: आमच्या राजारामपुरीतल्या घरात सध्या हाच वाद. मेव्हण्याला जर्मनीत मास्टर्सला प्रवेश मिळालाय. बायको आहे, चार वर्षांची मुलगी आहे. सासरे म्हणतात, संसार थाटलाय तर तिघांनी एकदमच जावं. माझं मत उलट. कुटुंबाच्या व्हिसाला पुरेशी जागा असल्याचा पुरावा लागतो, तो इथं बसून कुठून आणणार? होस्टेलची खोली एकट्याची. आधी त्यानं जावं, घर धरावं, मग यांना बोलवावं. 'होईल सगळं नीट' असलं कुणी लिहू नका.

तांबडा_पांढरा: दादा, 'मग बोलवावं' लिहायला सोपंय. मागनं अर्ज केला की व्हिसाला महिनोन्महिने लागतात, तवर पोरगी बापाला मोबाईलवरच बघणार. शिवाय आधी खोली, मग घर, म्हणजे दोनदा अनामत. आम्ही तिघं एकदमच गेलो. मोठ्या शहराचा हट्ट सोडला, लोकलनं पाऊण तासावरच्या गावात घर घेतलं. बहुतेक विद्यापीठांत सेमिस्टरच्या फीतच लोकल-बसचा पास येतो.

मंगळवार_पेठ: सासऱ्यांचं बरोबर हाय. लग्न केलंय न्हवं?

हिशेबी_ताई: लग्नानं भाडं निघत नाही हो. सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या आणि दरमहा ठरावीकच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे, म्हणजे महिना ९९२, तेही एकट्या विद्यार्थ्याचे. तिघांचं घर त्यात बसवून दाखवा. जाहिरातीतलं भाडं बहुतेकदा 'काल्ट', म्हणजे नुसतं मूळ भाडं; त्यावर हीटिंग-पाणी धरून 'वार्म' होतं. अनामत मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकते; त्याहून जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देता येते, एवढंच काय ते समाधान. आणि किचन! माझ्या बहिणीनं दार उघडलं तर भिंतीतनं नुसते पाइप बाहेर आलेले. ओटा नाही, सिंक नाही. आधीचा भाडेकरू सगळं उपसून घेऊन गेला होता, आणि तिथं यात कुणाला वावगं वाटत नाही. महिनाभर बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी. लहान पोर घेऊन हे करायचं?

तांबडा_पांढरा: ताई, किचनसकट घरंही मिळतात की. जाहिरात नीट वाचायची.

रंकाळा_कट्टा: जाहिरातीचंच तर भ्या वाटतंय. मेव्हण्याला एकानं लिहिलं, 'मी परदेशात आहे, अनामत भरा, चावी कुरिअरनं येईल.' फोटोतला फ्लॅट असा चकाचक की सासरे पैसे पाठवायला निघालेच होते.

बोर्डिंगवाला: घर न बघता एक युरो पाठवू नका. दुसरं, 'हे माझ्या घरात राहायला आलेत' असा घरमालकाच्या सहीचा कागद मिळणार का, ते आधी विचारा. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, ती त्या कागदाशिवाय होत नाही. सुट्टीपुरत्या भाड्याच्या घरात तो बऱ्याचदा देतच नाहीत.
आपल्या शाहू महाराजांनी १९०१ सालीच व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, परगावच्या पोरांच्या राहण्याची सोय ओळखून. जर्मनीतही 'श्टुडिरेंडनवेर्क' नावाची विद्यार्थी कल्याण संस्था असते, काही ठिकाणी तिची कुटुंबासाठी घरं असतात. घरं थोडी, रांग मोठी. प्रवेशपत्र आलंय ना? मग आजच नाव लावा.

रंकाळा_कट्टा: लावतो. पण नंबर लागेस्तोवर त्यानं एकट्यानंच राहावं, हेच मी म्हणतोय की!

तांबडा_पांढरा: आणि नंबर लागेस्तोवर डिग्री संपली तर?