मदत हवी आहे: महिन्याला सहाशे रुपयांत पुराची तयारी, आधी सामान घेऊ का आधी शिकून घेऊ? (सिंहगड रोड, तळमजला)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचून सांगा प्लीज.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला नदीच्या बाजूला तळमजल्यावर भाड्याने राहतो, वन आरके आहे, घरात चार माणसं. मी, मिस्टर, मुलगी दुसरीत आहे आणि सासूबाई, त्यांना शुगर आहे आणि इन्सुलिन चालू आहे. मिस्टर रिक्षा चालवतात, मी दोन घरी पोळ्या-भाजीची कामं करते. सगळं भागवून महिन्याला पाचशे-सहाशे रुपये बाजूला पडतात, तेवढ्यातच पावसाळ्याच्या आत काय ती तयारी करायचीये, उधारी करून काहीच घ्यायचं नाहीये.

कशाची तयारी ते इकडच्यांना सांगायला नको. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून नदीत सोडायचं पाणी, म्हणजे विसर्ग, रात्रीतून वाढवत नेला, पहाटे तो ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) घरात होता, आणि एकतानगरीत लोकं झोपेतून उठली तर पार्किंगमध्ये पाणी, मग बोटी आणून माणसं काढावी लागली. आमच्या गल्लीत गुडघ्याएवढंच आलं, पण आमच्यासारख्यांना गुडघ्याएवढं पण पुरतं हो. तांदळाचा डबा, गादी, मुलीचं दप्तर सगळं गेलं आणि लाईट आली नाही ते वेगळंच. आणि पाणी दारातून यायच्या आधी मोरीच्या जाळीतून वर आलं, काळं, गटाराचं, बुडबुडे काढत, ते मी कधी विसरणार नाही. त्याच दिवशी डेक्कनला पुलाच्या वाडीत शॉक लागून तिघं गेले. नंतर जानेवारी २०२५ ला जीबीएस (नसांचा आजार, हातपाय लुळे पडतात) आलं, नांदेड, किरकटवाडी, धायरी म्हणजे आमचाच पट्टा, आणि कारण पाणी. तेव्हापासून मला पूर आणि नळाचं पाणी या दोन्हीची सारखीच धास्ती वाटते.

आता प्रश्न. मिस्टरांनी मोबाईलवर एक रेडिमेड इमर्जन्सी किट बघितलंय, साडेतीन हजारचं, त्यात चाकू, जाड दोरी, होकायंत्र, आग पेटवायची कांडी, चंदेरी ब्लँकेट असं बरंच काय काय आहे. त्यांचं म्हणणं एकदा घेऊन ठेवलं की डोक्याचा ताप गेला. मला ते पटत नाही, कारण आमच्या घरात पाणी शिरलं तर होकायंत्राचं मी काय करू? पण दुसऱ्या बाजूला जे व्हिडिओ दिसतात त्यात सांगतात की सामानावर पैसे घालवू नका, शिका, शिकलेलं कोणी चोरत नाही. ते पण मला अर्धंच खरं वाटतं. पाणी उकळायचं सगळ्यांना येतं पण सिलेंडरच पाण्यात असेल तर कशावर उकळणार? आणि शिकणं फुकट नसतं. क्लासची फी समजा नसली तरी मी एक दिवस कामावर गेले नाही तर तेवढा खाडा धरतात, मिस्टरांनी रिक्षा लावून ठेवली तर त्या दिवसाचा धंदा गेला. हा खर्च त्या व्हिडिओवाल्यांच्या हिशेबात कधीच नसतो.

घरात जे केलंय ते असं: आधार, रेशनकार्ड, रिक्षाची कागदं, सासूबाईंच्या फाईली जाड प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवल्यात. मेन स्विच कपाटामागे होता तो कपाट सरकवून मोकळा केला, आणि मुलीला बंद करायला शिकवला, तिचा हात पुरत नव्हता म्हणून खाली पाट ठेवलाय. माझा मोबाईल नंबर आणि मावशीचा वारज्याचा पत्ता तिला तोंडपाठ आहे. बस एवढंच.

मला मदत यात हवी आहे. हे सहाशे रुपये आधी कशावर? सासूबाईंच्या इन्सुलिनसाठी बाराशेचा थंड राहणारा डबा दुकानदार घ्याच म्हणतोय, तो खरंच लागतो का? प्रथमोपचाराचा क्लास आमच्यासारख्यांना झेपेल असा कुठे आहे? आणि पोहायला शिकायचं माझ्या मनात आहे, त्याला पैसे घालू का?

सह्यभटक्या
ताई, किट नका घेऊ. त्यातलं निम्मं जंगलात हरवलेल्या माणसासाठी आहे, तुमच्या गल्लीसाठी नाही. तुम्हाला लागेल ती कपाळाला बांधायची बॅटरी (हात मोकळे राहतात, मुलीला उचलता येतं), प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी आणि एक मजबूत दोरी. बोहरी आळीत फिरलात तर या तिन्हींचं मिळून एका महिन्याच्या पैशात बसेल.
पोहणं शिका, चांगलंच आहे, पण पुरासाठी म्हणून त्याला पैसे घालू नका. वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी धडधाकट माणसाला पाडतं, आणि खाली चेंबरचं झाकण उघडं असलं तर पोहता येऊन काही उपयोग नाही. हातात काठी, पुढे टेकवून बघायची, मग पाऊल. त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वेळेवर निघणं आणि ते शिकायला एक पैसा लागत नाही. पावसाळ्यात विसर्गाचा आकडा रोज जाहीर होतो, एका वहीत लिहीत जा, आकडा किती आणि नदीचं पाणी तुमच्या इथल्या कुठल्या खुणेपर्यंत. नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला ही बातमी सगळे बघतात पण तुमच्या गल्लीचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल. तो कळला की त्याच्या बऱ्याच आधी दादांनी रिक्षा उंचावर नेऊन लावायची. घरातली सगळ्यात महागाची वस्तू तीच आहे ना?

वॉर्ड_सिस्टर
इन्सुलिनचा डबा घेऊ नका. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, ३० डिग्रीच्या आत आणि उन्हापासून लांब, तरी तुमच्या इन्सुलिनच्या पाकिटावर किती दिवस लिहिलेत ते वाचून घ्या कारण कंपनीप्रमाणे थोडा फरक असतो. जुलैत पुण्यात घरात तेवढं तापत नाही. न उघडलेल्या बाटल्यांसाठी आणि मे महिन्यात लाईट गेली तर दोन मातीची मडकी घ्या, एकात एक बसणारी, मधल्या फटीत ओली वाळू, वर ओलं फडकं, आतल्या कोरड्या मडक्यात बाटली प्लास्टिकच्या पिशवीत. बर्फाला चिकटवून कधीच ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं.
आजींना खरा धोका वेगळा आहे. इन्सुलिन घेतलं आणि गडबडीत जेवण राहिलं तर शुगर खाली जाते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी बघायचं, पण बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. हे घरातल्या सगळ्यांना आलं पाहिजे, नातीला सुद्धा. साखरेची पुडी बॅटरीच्या पिशवीतच ठेवा.
जुलाबासाठी ओआरएसची पाकिटं जन औषधी दुकानातून घ्या, संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, अंदाजाने नाही. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला त्रास होतो. सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबणं) एकदा प्रत्यक्ष पुतळ्यावर करून बघाच, छाती पाच सेंटिमीटर दबली पाहिजे आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, याला किती जोर लागतो ते व्हिडिओ बघून कळत नाही.

वायरमन७७
मुलीला मेन बंद करायला शिकवलं ते चांगलं, पण तिला हे पण सांगा की जमीन ओली असेल किंवा पाणी आत आलं असेल तर स्विचला हात लावायचाच नाही, आधी बाहेर. मेन पाणी यायच्या आधी पाडायचा असतो. कोणाला शॉक लागला तर त्याला धरायला धावू नका, तिघं गेले म्हणता ना, असंच होतं, एकाला सोडवायला दुसरा जातो. घरमालकाला आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईट आपोआप तोडणारा स्विच) बसवायला सांगा, ३० मिलीॲम्पिअरचा, हे त्याचं काम आहे, तुमच्या सहाशेतून नको. पाणी ओसरल्यावर वायरमनने बघितल्याशिवाय मेन चढवू नका.

पेठेतला_काका
मी ६१ साली लहान होतो, १२ जुलैला पानशेत फुटलं. पूर एका दिवसात ओसरला पण खडकवासलाही फुटलेलं, नळाला पाणी नाही, ते दिवस पुरापेक्षा लांबले. विहिरीवर रांगा लागायच्या. म्हणून सांगतो, सूनबाई, पहिले सहाशे पाण्याला. माणशी रोज तीन-चार लिटर पिण्या-स्वयंपाकाला धरा, चार माणसं, तीन दिवस, म्हणजे वीस लिटरचे दोन कॅन झाकणाचे. केमिकलचे जुने कॅन स्वस्त मिळतात ते घेऊ नका. विसर्ग वाढला की भरून माळ्यावर नाहीतर वरच्या शेजाऱ्यांकडे. पुराचं पाणी उकळलं तरी त्यातलं डिझेल आणि केमिकल जात नाही, त्यामुळे साठवलेलंच पाणी कामाचं.

निखळ_मत
मी वरच्या सगळ्यांपेक्षा उलटं म्हणेन. सामान आधी. रात्री तीनला पाणी शिरल्यावर घाबरलेल्या माणसाला शिकलेलं आठवत नाही, हाताशी असलेली पिशवी आठवते. शिकणं पुढच्या वर्षी करा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमच्यामुळे बाराशे वाचले, म्हणजे माझे दोन महिने.
निखळ_मत, तुमचं म्हणणं कळतंय, पण माझ्या मनात आता असं येतंय की आमच्या घरात दोन्ही सुटं करताच येत नाही. साखरेची पुडी आहे पण शुगर खाली गेल्याचं ओळखता येत नाही तर पुडी कशाला. कॅन आहेत पण कधी भरायचे तो आकडा माहीत नाही तर रिकामेच राहणार. म्हणून मी ठरवतेय की जी वस्तू घरात येईल तिच्याबरोबर तिचं काम चौघांनी त्याच रविवारी करून बघायचं, आणि जे शिकून हातात काही नसेल तर फुकट जाईल ते नंतर. त्या हिशेबाने या महिन्यात कॅन आणि क्लोरीनच्या गोळ्या. गोळीवर जेवढे लिटर लिहिलेत तेवढ्याच पाण्याला एक गोळी आणि अर्धा तास थांबायचं, पाणी गढूळ असेल तर आधी जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून गाळायचं, हे मी आशाताईंकडून (आरोग्य खात्याच्या आशा सेविका) विचारून आले. पुढच्या महिन्यात बॅटरी, शिट्ट्या, दोरी. कोरडं खाणं वेगळं विकत नाही आणत, शेंगदाणे-गूळ, मेतकूट, चुरमुरे घरात असतातच, फक्त खालच्या फडताळातून वरच्या फळीवर हलवले. सासूबाईंनी स्वतः हलवले, मला हात लावू दिला नाही.
मिस्टरांना रिक्षाचं वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले किट राहू दे, वही आण.
क्लासचं मात्र अजून अडलंय. रविवारी असेल, मराठीत असेल आणि पुतळ्यावर करून बघायला मिळेल असं इकडे धायरी, वडगाव, आनंदनगर भागात कोणाला माहीत आहे का?

सह्यभटक्या
दादांचं वय चाळीसच्या आत असेल तर आपदा मित्र (आपत्तीत मदत करणारे स्वयंसेवक) प्रशिक्षणाची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन विभागात करा, फी नसते, पण ते बरेच दिवस चालतं, त्यामुळे तुमचा धंद्याचा मुद्दा तिथे येईलच. त्यापेक्षा गल्लीतली दहा-पंधरा घरं एकत्र येऊन जवळच्या अग्निशमन केंद्रात अर्ज द्या की आमच्याकडे येऊन दाखवा. मग कोणाचाच खाडा होत नाही. एनडीआरएफची (केंद्राचं आपत्ती बचाव दल) तुकडी पण आपल्याकडेच आहे, तळेगावजवळ सुदुंबरेला, गणेश मंडळाच्या लेटरहेडवर त्यांनाही विनंती करून बघा.

धागाकर्ती
हे मंडळातल्या पोरांना आजच सांगते. आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक काकू आहेत, त्या जुन्या पोत्यांच्या पिशव्या शिवून द्यायला तयार आहेत, वाळू शेजारच्या बांधकामावर मागितली तर मिळेल. एकच विचारायचंय, मोरीच्या जाळीवर आणि संडासच्या भांड्यात पोतं ठेवायचं तर नुसतं ठेवलं तर चालतं का खाली प्लास्टिक घालायचं? कोणी प्रत्यक्ष केलंय का?

वायरमन७७
आमच्या चाळीत करतो आम्ही. खाली जाड प्लास्टिकचा दुहेरी तुकडा, त्यावर पोतं, आणि पोतं अर्ध्याच्या थोडं वर भरा, गच्च भरलं तर ते दगडासारखं बसतं आणि कडेने पाणी येतं. सैल असलं की जाळीवर पसरतं. भांड्यासाठी लहान पिशवी वेगळी शिवून घ्या, आणि काढताना दोघं लागतील, ओली वाळू फार जड होते.