मदत हवी आहे: पुण्याच्या रेसेसचे पार टाइम काढलेत, पण क्लास २ चा पार क्लास ३ पेक्षा स्लो येतोय

टर्फ_पुणेकर
नमस्कार मंडळी. पुण्याच्या मागच्या दोन सीझनचे सगळे निकाल एक्सेलमध्ये भरले आहेत: तारीख, अंतर, क्लास, विजेत्याचं वजन, टाइम, पेनिट्रोमीटर (ग्राउंड किती मऊ आहे ते मोजणारं उपकरण) रीडिंग आणि फॉल्स रेल्सची (ट्रॅकची आतली रेल बाहेर सरकवून लावतात ती) नोंद. प्रत्येक अंतर आणि क्लाससाठी विजेत्यांच्या टाइमची सरासरी काढली आणि तोच पार, म्हणजे त्या क्लासच्या विजेत्याचा नेहमीचा टाइम, धरला. अडचणी अशा:

१) १२०० मीटरला क्लास ३ आणि क्लास ४ चे पार जवळपास सारखेच येतात. १६०० ला तर क्लास २ चा पार क्लास ३ पेक्षा स्लो आहे, खरं तर आकडा लहान तितका क्लास वरचा.
२) ऑगस्टमधल्या काही दिवशी एकही घोडा पारच्या जवळ येत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये ऐरागैरा घोडा पार मोडतो.
३) पार मिळाल्यावर त्यावरून घोड्याचं रेटिंग कसं काढायचं? हँडिकॅपर (घोड्याने किती वजन वाहायचं ते ठरवणारा) पॉइंटमध्ये रेटिंग देतो आणि माझ्याकडे सेकंद आहेत.

मुंबईचा सीझन नोव्हेंबरात सुरू होईल, त्याआधी हे तक्ते धड करायचे आहेत. चूक कुठे होतेय?

विनिंगपोस्ट
पहिली चूक सरासरीची. रेसचा टाइम एकाच बाजूला बिघडतो. घोडा ठरावीक मर्यादेपलीकडे फास्ट पळू शकत नाही, पण पेस नसेल, म्हणजे सुरुवातीपासून कोणी जोरात पळत नसेल, तर रेस तीन-चार सेकंद आरामात स्लो होते. अशा दोन-तीन रेसेस सरासरीला ओढून नेतात. सरासरीऐवजी मधलं मूल्य घ्या: टाइम चढत्या क्रमाने लावा आणि मधला उचला.

क्लास २ स्लो येण्याचं कारणही हेच आहे. वरच्या क्लासमध्ये फील्ड लहान असतं. पाच-सहा घोडे, त्यात पुढे जाणारा एखादाच. तो पेस अडवून धरतो आणि सगळी रेस शेवटच्या ६०० मीटरमध्ये होते. क्लास ४ मध्ये बारा-चौदा घोडे गेटमधून सुटल्यापासून जागेसाठी भांडतात, त्यामुळे टाइम खरा येतो. म्हणून १६०० आणि त्यापुढच्या अंतरांना मधलं मूल्यही पुरत नाही. तिथे सर्वांत फास्ट एक तृतीयांश रेसेस घ्या आणि त्यांचं मधलं मूल्य धरा. मात्र हा नियम त्या अंतराच्या सगळ्या क्लासना सारखाच लावा, नाहीतर तुलनाच मोडेल.

तक्त्याच्या एका खणात (एक अंतर, एक क्लास) पंधरापेक्षा कमी रेसेस असतील तर तो पार स्वतंत्र मानू नका. शेजारच्या दोन क्लासमधून रेषा ओढून भरा.

आणि कोर्स रेकॉर्डला पार समजू नका. रेकॉर्ड म्हणजे एका चांगल्या घोड्याचा एका कडक ग्राउंडवरचा एक दिवस.

ग्राउंड_रिपोर्ट
तुमचा दुसरा प्रश्न हा पारचा प्रश्नच नाही, तो त्या दिवसाच्या ग्राउंडचा आहे. पुण्याचा सीझन पावसाळ्यात येतो. ग्राउंडची दुरुस्ती न करता पार वापरणं म्हणजे रोज वेगळ्या तराजूवर माल तोलणं.

दिवसाचा फरक असा काढा. त्या दिवसाच्या प्रत्येक रेसमध्ये टाइम वजा पार करा. मग त्या आकड्याला अंतरातल्या २०० मीटरच्या तुकड्यांनी भागा, कारण ओलं ग्राउंड १००० मीटरला जितकं खातं त्याच्या दुप्पट २००० ला खातं. समजा उघडीप असलेल्या एका दिवशी सहा रेसेस झाल्या:

१००० मी: +०.६ से, म्हणजे २०० मीटरला ०.१२
१२०० मी: +०.९, म्हणजे ०.१५
१२०० मी: +०.७, म्हणजे ०.१२
१४०० मी: +३.१, म्हणजे ०.४४
१६०० मी: +१.१, म्हणजे ०.१४
२००० मी: +१.५, म्हणजे ०.१५

१४०० ची रेस लगेच डोळ्यात भरते. तिथे ग्राउंड नाही, पेस मेला होता. ती बाजूला काढा. उरलेल्या पाचांचं मधलं मूल्य ०.१४. हा त्या दिवसाचा फरक.

आता सहाही रेसेसची सरासरी घेतली असती तर ०.१९ आलं असतं. म्हणजे १२०० ला ०.८४ ऐवजी १.१४ सेकंद वजा केले असते. +०.७ वाली रेस खरं तर पारपेक्षा ०.१४ ने फास्ट आहे, ती ०.४४ ने फास्ट दिसली असती. एका मेलेल्या पेसमुळे दुसऱ्या रेसचा विजेता कागदावर अडीच लेन्थचा (लेन्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) हिरो झाला असता, आणि पुढच्या वेळी तो फेव्हरिट म्हणून उतरल्यावर पैसे अडकले असते.

दोन गोष्टी सांभाळा. रेसेसच्या क्रमाने हे आकडे एका ओळीत लिहून पाहा. चौथ्या रेसपासून आकडे एकदम चढले तर मध्ये सर आली असं समजा, आणि दिवसाचे दोन भाग करून दोन फरक काढा. दुसरं, दिवसाला चारच रेसेस वापरता येत असतील तर त्या फरकावर अर्धाच विश्वास ठेवा.

टर्फ_पुणेकर
पण मग पेनिट्रोमीटर कशाला? रीडिंग छापून येतंच. त्यावरूनच थेट दुरुस्ती करता येणार नाही का?

ग्राउंड_रिपोर्ट
नाही. आकडा वाढला की ग्राउंड मऊ, एवढं त्यातून नक्की कळतं. पण रीडिंग रेसेसच्या आधी घेतलेलं असतं आणि पाऊस दुपारी पडतो. शिवाय सारख्या रीडिंगलाही नुकतं भिजलेलं, मोकळं ग्राउंड आणि वाळत आलेलं, चिकट ग्राउंड वेगळं पळतं. रीडिंग पडताळणीला ठेवा. तुमचा फरक फास्ट ग्राउंड दाखवतोय आणि रीडिंग वर गेलंय, असं झालं तर त्या दिवसाचे आकडे पुन्हा तपासा. बहुतेक वेळा एखादा टाइम भरताना मिनिट-सेकंद चुकलेले सापडतात.

विनिंगपोस्ट
यात एक गाठ आहे. फरक काढायला पार लागतो, आणि पार काढायला फरक काढून शुद्ध केलेले टाइम लागतात. ती फेऱ्या मारून सोडवायची. पहिल्या फेरीत कच्च्या टाइमवरून पार काढा. त्यावरून प्रत्येक दिवसाचा फरक काढा. तो सगळ्या टाइममधून वजा करा आणि शुद्ध टाइमवरून पार नव्याने काढा. पुन्हा फरक, पुन्हा पार. तीन-चार फेऱ्यांत आकडे हलायचे थांबतात. तुमचे क्लास ३ आणि ४ चिकटलेले आहेत ते यानंतर वेगळे होतील. एखाद्या क्लासच्या जास्त रेसेस ओल्या दिवशी आल्या असल्या की असंच दिसतं.

रेल्सच्या_आत
फॉल्स रेल्सची नोंद भरली आहे म्हणता, पण ती वापरलेली दिसत नाही. निकालात ‘फॉल्स रेल्स, रुंदी सुमारे ७ मीटर, १२०० मीटरपासून विनिंग पोस्टपर्यंत’ अशी सूचना असते, तिच्यात मोठा हिशेब दडलेला आहे.

रेल ७ मीटर बाहेर सरकली की वळणाची त्रिज्या ७ मीटरने वाढते. अर्धवर्तुळ पुरं आलं तर ३.१४ गुणिले ७, म्हणजे २२ मीटर जास्त पळावं लागतं. सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वेगाने ते १.३ सेकंद झाले. पाव वर्तुळ आलं तर त्याच्या निम्मे. सरळ पट्ट्यात रेल कुठेही असली तरी काही फरक नाही.

दिवसभर रेल्स एकाच जागी असतात म्हणून हे दिवसाच्या फरकात आपोआप मुरेल असं वाटतं, पण मुरत नाही. ग्राउंडचा परिणाम अंतराच्या प्रमाणात वाढतो आणि रेलचा परिणाम वळण किती यावर असतो. १००० आणि २४०० ला एकाच मापाने भागलं की एक अंतर फास्ट आणि दुसरं स्लो दिसायला लागतं. रेल्स असलेल्या आणि नसलेल्या दिवसांचे पार वेगळे ठेवा. तेवढ्या रेसेस नसतील तर वरच्या हिशेबाने आधी रेल वजा करा, मगच दिवसाचा फरक काढा.

हँडिकॅप_वही
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. आपल्याकडे १ रेटिंग पॉइंट म्हणजे अर्धा किलो वजन. २० ते ४६ रेटिंगच्या हँडिकॅपमध्ये (रेटिंगनुसार वजन दिलेल्या रेसमध्ये) २६ पॉइंटचं अंतर १३ किलोत उतरतं ते यामुळेच. म्हणून सेकंदाची लेन्थ करायची, लेन्थचे किलो, आणि किलोचे पॉइंट.

सेकंद ते लेन्थ: कडक ग्राउंडवर १ लेन्थ म्हणजे ०.१७ सेकंद, ओल्यावर ०.२०. सरसकट ०.२० धरलं तर मुंबईच्या कोरड्या ग्राउंडवर मोठ्या मार्जिनने हरलेले घोडे उगाच कमी दिसतात.

लेन्थ ते किलो, ढोबळ माप: १००० ला १.४ किलो, १२०० ला १.१५, १४०० ला १, १६०० ला ०.९, २००० ला ०.८, २४०० ला ०.७. अंतर वाढतं तसं लेन्थचं मोल कमी होतं.

वरचीच +०.७ वाली रेस घ्या. समजा ती क्लास ४ ची आणि विजेत्यावर ५९ किलो होते. तुमच्या तक्त्यात क्लास ४ च्या विजेत्यांचं मधलं वजन ५६ आहे असं धरू. शुद्ध टाइम पारपेक्षा ०.१४ ने फास्ट. भागिले ०.१७, म्हणजे ०.८ लेन्थ. गुणिले १.१५, म्हणजे सुमारे १ किलो, म्हणजे २ पॉइंट. वजन ३ किलो जास्त वाहिलं त्याचे ६ पॉइंट. एकूण हा रन क्लास ४ च्या पारपेक्षा ८ पॉइंट वर. हँडिकॅपरने पुढच्या वेळी ४ पॉइंट वाढवले तर घोड्याच्या हातात अजून माल आहे. १२ वाढवले तर सोडून द्या.

मागे राहिलेल्या घोड्यांनाही हाच हिशेब लावा. चार लेन्थने हरलेला घोडा ४.६ किलो खाली, म्हणजे ९ पॉइंट, आणि त्याने विजेत्यापेक्षा कमी वजन वाहिलं असेल तर तेही वजा. वजन धरताना ॲप्रेंटिसची (शिकाऊ जॉकीला मिळणारी वजनाची) सवलत वजा करून प्रत्यक्षात वाहिलेलं वजन घ्या. छापील वजन धरल्यामुळे पॉइंट चुकलेले तक्ते खूप दिसतात.

टर्फ_पुणेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. मधलं मूल्य घेऊन तीन फेऱ्या केल्या आणि रेल्स वेगळ्या काढल्या. १२०० ला क्लास नीट सुटे झाले. १६०० ला क्लास २ आता ३ च्या पुढे आहे, पण फरक अजून फार थोडा आहे.

एकच शंका उरली. पुण्यात चांगला आकडा दिलेला घोडा नोव्हेंबरात महालक्ष्मीला, म्हणजे मुंबईच्या रेसकोर्सवर, उतरला तर त्याचा पुण्याचा टाइम कसा वापरायचा?

हँडिकॅप_वही
टाइम वापरायचाच नाही, पॉइंट न्यायचे. पुण्याचा १.११ (१ मिनिट ११ सेकंद) आणि मुंबईचा १.११ यांचा एकमेकांशी संबंध नाही. पुण्याच्या पारपेक्षा ८ पॉइंट वर असलेला घोडा मुंबईच्या त्याच क्लासच्या पारपेक्षा ८ वर धरा आणि पहिल्या रनला त्यातले दोन-तीन कापा, कारण मऊ ग्राउंडवर खुलणारा घोडा कोरड्यावर तसाच पळेल असं नाही. लहान वयाच्या घोड्यांना मात्र हे उलटं लागू होतं. इंडियन डर्बी फेब्रुवारीत चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. त्या पिढीचे घोडे ऑक्टोबर ते फेब्रुवारीत अंगाने भरतात, त्यांचा पुण्याचा आकडा जुना पडलेला असतो.

विनिंगपोस्ट
१६०० च्या क्लास २ साठी एक काम करा. रेसचा व्हिडिओ फ्रेमने पुढे सरकवत ६०० मीटरच्या खुणेपासून विनिंग पोस्टपर्यंतचा टाइम मोजा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ०.०४ सेकंदाची. कॅमेरा खुणेच्या तिरका असेल तर घोडा खुणेपाशी आलेला आधी किंवा उशिरा दिसतो, म्हणून प्रत्येक रेसमध्ये त्याच कॅमेऱ्याचं दृश्य घ्या. शेवटचे ६०० नेहमीपेक्षा सेकंदभर फास्ट आणि एकूण टाइम स्लो असेल, तर ती रेस पारच्या तक्त्यातून काढा आणि तिच्या विजेत्यापुढे आकड्याऐवजी ‘पेस नाही’ एवढंच लिहा. त्या रेसमधून कोण चांगला हे टाइम सांगत नाही. मागून येऊन कोणी किती लेन्थ भरून काढल्या ते व्हिडिओतच पाहावं लागतं.