डोक्याला मार लागून घरी परतलेल्यांची नोंद कुठे होते?

प्रश्न (सिडको, नाशिक)
माझा धाकटा भाऊ अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी यंत्र चालवतो. मार्चमध्ये रात्रपाळीहून परतताना त्याची दुचाकी घसरली. हेल्मेट हँडलला अडकवलेले होते. मेंदूत रक्तस्राव होऊन तो अकरा दिवस अतिदक्षता विभागात होता. आता तो हिंडतो, बोलतो, जेवतो, म्हणून नातेवाइकांच्या लेखी तो बरा झाला आहे. परंतु सकाळची गोष्ट तो दुपारी विसरतो, क्षुल्लक कारणावरून लेकीवर ओरडतो आणि यंत्रावरची मापे त्याला जुळवता येत नाहीत. अशी माणसे किती असतील, आणि त्यांची नोंद कोण ठेवते?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, गंगापूर रोड)
ताई, एका जागतिक अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ६ कोटी ९० लाख लोकांच्या मेंदूला इजा होते, आणि त्यांपैकी बहुतेकांची इजा ‘सौम्य’ गटात मोडते. हा शब्द फसवा आहे, कारण ग्लासगो कोमा मापनात १३ ते १५ गुण मिळाले की इजा सौम्य ठरते. पण ते मापन शुद्धीचे असते, स्मरणाचे किंवा स्वभावाचे नव्हे. कपाळामागचा भाग दुखावला की राग आवरणे आणि कामाची आखणी करणे कठीण जाते. भाऊ मुद्दाम तसे वागत नाही, हे त्याच्या लेकीलाही समजावून सांगा. स्मरण व एकाग्रता तपासणाऱ्या चाचण्या झाल्याशिवाय आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय त्याला यंत्रावर पाठवू नका.

उत्तर (नाशिक रोड)
२०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. मृत्यू मोजले जातात, पण वाचलेल्यांच्या वाट्याला ‘गंभीर जखमी’ एवढाच शेरा येतो, आणि पाय मोडलेला व मेंदू दुखावलेला एकाच रकान्यात बसतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांतही मेंदूच्या इजेला स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे अपघात दाव्यासाठी चाचण्यांचे अहवाल जपून ठेवा. घरातला बदल कागदावर उतरला नाही, तर तो मांडणे अवघड जाते.

उत्तर (पंचवटी)
माझ्या यजमानांच्या अपघाताला चार वर्षे झाली. पगार थांबला, मी शिवणकाम वाढवले आणि मुलाने बारावीनंतर शिक्षण सोडले; ही झळ कोणत्याही आकड्यात दिसत नाही, याचे मला फार दुःख होते. आम्हाला उपयोग झाला तो एका वहीचा. रोजची कामे ते त्यात स्वतः लिहितात, झालेल्यावर खूण करतात, आणि आम्ही त्यांना एका वेळी एकच काम सांगतो. गेल्या महिन्यापासून ते एकटे भाजी आणतात.